झाड घरावर कसं घ्यावं

कोकणाला वादळाचं आता नवल राहिलेलं नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ३ जून २०२० ला निसर्ग आलं, त्याच्या पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातेत गेलं. इतका सराव होऊनही काही घरांवर झाड पडतच नाही. ते परसात आडवं होतं, फार तर गडग्याचे चार चिरे ढासळवतं, आणि मालकाला चारचौघांत सांगायला काही उरत नाही. ज्यांना येत्या खेपेस आढं मोडून हवं आहे, दोन-तीनशे कौलं आणि जमल्यास मदतीला आलेला एखादा पोरगा खर्ची घालायचा आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

तयारी निदान पाच वर्षं आधी धरावी. वाऱ्याच्या भरवशावर सगळं सोडून चालत नाही. झाडाला तोलून धरणारी बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, खाली जांभा लागला तर त्याहूनही वर. म्हणून नळाची लाइन, संडासची टाकी, कंपाउंडचा पाया, जे काही खणायचं असेल ते बुंध्यापासून हातभर अंतरावर खणा. एका अंगाची मुळं कुदळीनं तुटली तरी झाड लगेच वाळत नाही. पुढच्या वर्षी पालवीही फुटते आणि तुमची खात्री पटते की काही झालं नाही. मग अंगणात चिखल नको म्हणून बुंध्याला भिडवून काँक्रीट ओता. उरलेली मुळं गुदमरतात आणि बुडखा कुजायला लागला तरी सिमेंटखाली दिसत नाही.

छाटणीत तर खरी कला आहे. तारांच्या आणि रस्त्याच्या बाजूच्या फांद्या साफ उडवा, घराकडच्या मात्र सावलीसाठी राखा. सगळा भार कौलांकडे झुकला की झाडाला पडायची दिशा वेगळी शिकवावी लागत नाही. ज्यांना याहून पक्कं काम हवं आहे त्यांनी शेंडाच मारावा. शेंडा मारलेल्या जागी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे आतल्या गाभ्यातून येत नाहीत, सालीलगत चिकटलेले असतात, आणि त्यांच्या खालचं उघडं लाकूड पावसानं कुजत जातं. पाच-सहा वर्षांत ते मांडीएवढे जाड होतात. बाहेरून झाड कसं डेरेदार दिसतं!

नारळाच्या बाबतीत फारसे कष्ट नाहीत. बुंध्याला भोक पडलंय, त्यातून तपकिरी चिकट रस ओघळतोय आणि कान लावला तर आत कुरकुर ऐकू येतेय, म्हणजे सोंड्या भुंगा कामाला लागला आहे. त्याला त्रास देऊ नका. तो आतून नळी करून देतो, मग झाड मुळासकट उपटायची वाट पाहावी लागत नाही, मधूनच मोडतं.

आता प्रत्यक्ष वादळ. निसर्गच्या वेळी १ जूनला अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला ते वादळ होऊन जमिनीवर आलं, ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगानं, मधूनच १२० चे झोत. हाताशी दोन दिवस होते. हे दोन दिवस, वादळ मुंबईला धडकलं तर मंत्रालयात पाणी शिरेल का, या चर्चेत घालवायचे असतात. वाळकी फांदी उतरवणं, सैल पत्र्याचे जे-हुक आवळणं, झाडाखालच्या खोलीतला बिछाना दुसऱ्या अंगाला नेणं असल्या फुटकळ कामांत ते वाया घालवू नयेत.

आणखी एक सोय निसर्गानंच केलेली आहे (चक्रीवादळानं नव्हे, मूळच्या निसर्गानं). तुमच्या आंब्यानं जन्मभर नैर्ऋत्येच्या वाऱ्याशी झुंजत त्या हिशेबानं मुळं रोवलेली असतात. चक्रीवादळाचा वारा तो हिशेब मानत नाही. डोळा डोक्यावरून गेला तर वारा अचानक पडतो, आभाळ उजळतं, पाखरंसुद्धा बोलायला लागतात. आणि मग उलट्या दिशेनं फिरून येतो. पहिल्या फेरीत मुळं ढिली झालेली झाडं दुसऱ्या फेरीत जातात. तेव्हा मोबाइल घेऊन अंगणात पाहणीला निघायचं ते नेमकं त्या मधल्या शांततेत. धाकट्यांनाही सोबत न्यावं.

झाड पडलं. अभिनंदन! लगेच आत धावा, गॅसचा रेग्युलेटर चालूच राहू द्या आणि मेन स्विच शोधायला काडी ओढा. तुटलेली तार फांद्यांत लोंबत असेल तर ती मेलेली आहे असं धरून चाला, कारण गावात लाइट नाही. लाइट नाही म्हणून शेजाऱ्यांनी जनरेटर लावला आहे, आणि घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच नसल्यामुळे तो सरळ घराच्या वायरिंगमध्ये जोडला आहे, हा तपशील बिनमहत्त्वाचा. तो करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढत हजारो व्होल्ट होतो आणि दोन वाड्या पलीकडे खांबावर चढलेल्या वायरमनला भेटतो. वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन करून ‘अजून लाइट का नाही’ म्हणून ओरडायला मात्र विसरू नका.

मग मदत येते. इथे स्वयंसेवकाला दोन शब्द, कारण घरमालकानं अर्धवट ठेवलेलं काम पुरं करायचं ते त्यानंच. लुंगी आणि स्लिपर हा वेश उत्तम. हेल्मेट घातलं तर फोटोत चेहरा येत नाही. झाड कापायचा चेनचा कटर कुणाचाही उचला. टू-स्ट्रोक इंजिनाला चांगलं टू-टी ऑइल असेल तर लिटरमागे २० मिली घालावं लागतं, काही जुन्या मशीनना ४० मिली. नुसतं पेट्रोल ओतलंत तर काही मिनिटांत पिस्टन धरतो आणि पंचक्रोशीतला एकुलता एक कटर त्या दिवसापुरता तरी शांत होतो. चेनचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. ती रिकामी ठेवली की चेन जिच्यावर फिरते ती पट्टी तापून निळी पडते. धार लावण्यात वेळ घालवू नका. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या उडवते, बोथट चेन पीठ पाडते आणि धूर काढते. पीठ पडायला लागलं की अंगातला सगळा जोर लावून कटर खाली दाबायचा, अशी रीत आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर कटर उसळून थेट तोंडाकडे येतो, त्यामुळे तो खांद्याच्या वर धरून, शिडीवर उभं राहून, एका हातानं चालवावा.

आता मुख्य कापणी. आंब्याची जाड फांदी एका अंगाला बुंध्याला धरून आहे, दुसरं टोक वाशांत रुतलं आहे. दोन्हीकडे टेकलेल्या लाकडात दाब वरच्या बाजूला असतो आणि ताण खालच्या. जाणता माणूस वरून तिसरा हिस्सा कापतो, थांबतो, मग खालून वर येतो. तुम्ही वरूनच सरळ खाली उतरा. मध्यावर येईतो फट मिटते आणि पट्टी दातांत धरल्यासारखी अडकते. मग एकानं कटर ओढायचा, दुसऱ्यानं पहार घालायची, तिसऱ्यानं फांदीवर चढून नाचायचं. खाली घरातली माणसं भांडीकुंडी हलवत असतातच. हवेत नुसती लोंबणारी फांदी असेल तर सगळं उलटं, ताण वर आणि दाब खाली; तिथेही वरूनच घाला, म्हणजे अर्ध्यात ती उभी चिरत जाते आणि चिरलेला भाग कापणाऱ्याच्या छातीशी येतो.

बुंध्याला हात कधी घालायचा, यावर जाणत्यांचं म्हणणं कंटाळवाणं आहे. ते शेंड्याकडून सुरुवात करतात, हाता-हाताचे तुकडे काढतात, जड तुकड्याला दोर लावतात, तो दोर शेजारच्या उभ्या झाडाला दोन वेढे देऊन हळूहळू सोडतात. दोन फूट जाड आणि दहा फूट लांब ओला ओंडका सात-आठशे किलोला कमी नसतो, असा त्यांचा बाऊ. तुम्ही आधी बुंधाच कापा. मुळासकट उपटलेल्या झाडाचा मातीचा गड्डा खड्ड्याच्या काठावर उभा असतो, आणि तो उभा असतो तो बुंध्याच्या वजनावर. बुंधा सुटला की गड्डा घड्याळाच्या झाकणासारखा पुन्हा खड्ड्यात मिटतो. तोवर त्या खड्ड्यात गावातली चार पोरं नारळ वेचत असतील याची काळजी घ्यावी. तिकडे बुंध्यानं अडवून ठेवलेलं धूडही मोकळं होतं आणि सकाळी नुसतं मोडलेलं आढं दुपारी माजघरात येतं.

या सगळ्यावर पाणी ओततात ती शिकून आलेली माणसं. बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र, किंवा पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून आलेले एनडीआरएफचे जवान. त्यांना उत्साह म्हणून नाही. आल्या आल्या कापायला लागायचं सोडून अर्धा तास नुसते वर बघत झाडाभोवती फिरतात. तार कुठून आली, गॅस बंद केला का, आत माणूस किती, वर अडकलेली सुटी फांदी कुठे आहे. मग दोरी बांधून सगळ्या गावाला लांब हाकलतात. आजी कौतुकानं म्हणते, “बाळांनो, आधी चहा घ्या, मग कापा.” त्यावर त्यांचं उत्तर काय? “आजी, आधी तुम्ही ओटीवरून खाली या.” एक माणूस काही न करता फक्त फांदीकडे बघत उभा असतो, करकर वाजली की शिटी फुंकतो, आणि त्याच्या शिटीवर बाकीचे हातातलं टाकून मागे पळतात. दिवसाकाठी दोन घरं होतात त्यांची. तेवढ्या वेळात तुमच्या मंडळानं सात घरं केलेली असतात, त्यांतली तीन पुन्हा करावी लागतील ती वेगळी.

छप्पर उघडं पडलं की ताडपत्री. ती भोकापुरतीच टाका. पाणी वरून वाहत येतं आणि वरच्या कडेखालून सरळ आत शिरतं, त्यामुळे आढ्यावरून पलीकडे तीन-चार फूट न्या असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. कड रिपेला गुंडाळून आवळायची गरज नाही, खिळे मारा. कौल फुटेल ते फुटेल. वर दोन चिरे ठेवा, पुढच्या झोतात ते कुठे जातील ते जातील. सिमेंटच्या पत्र्यावर चालताना बोल्टच्या ओळीवरून, खालच्या आडव्या दांड्याच्या वर फळी टाकून चालतात म्हणे. मधूनच चाला, जवळ पडतं. शिडीचा पाय बारा फुटांच्या उंचीला तीन फूट बाहेर हवा आणि टोक बांधलेलं हवं, पण शेवाळलेल्या खळ्यात ती दोघांनी नुसती धरली तरी चालते, जोवर त्यातल्या एकाचा फोन वाजत नाही.

शहरात राहणाऱ्यांनी मदत पाठवताना टेम्पो जुन्या कपड्यांनी आणि बिस्किटांनी भरावा. १०० चौरस फूट छपराला सव्वाशे-दीडशे मंगलोरी कौलं लागतात, सोबत रिपा, वासे, दोर, जाड ताडपत्री आणि गावात फिरणारा एक सुतार. यातलं काहीच फोटोत मायेनं भरलेलं दिसत नाही.

पंचनाम्याचं शास्त्र सोपं आहे. तलाठी यायच्या आत सगळं साफ करून टाका, फोटो काढू नका, आणि काढलाच तर फक्त फुटलेल्या कौलाचा, घर ओळखू येणार नाही इतक्या जवळून. वाडीचा हिशेब तर करूच नका, त्रास होतो. २०२० मध्ये फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, तेव्हा गुंठ्याला पाचशे रुपये. श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपारीच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे भुईसपाट झालेल्याला पाच हजार, आणि नव्या सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं. झाडामागे हिशेब करा, अशी मागणी लोकांनी केली, तर ती पोफळ, म्हणजे सुपारीची झाडं, मोजायला खाली आडव्या खोडांच्या ढिगातून वाट काढायची कुणी, हा प्रश्न होताच.

एवढं उरकेपर्यंत जुलैचा पहिला आठवडा येतो, म्हणजे वनमहोत्सव. गुलमोहराचं रोप मागून आणा. लवकर वाढतो, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आपल्या कामाला याहून चांगलं झाड नाही. नारळ हवाच असेल तर दोन नारळांत साडेसात मीटर अंतर सांगतात, तुम्ही दोन मीटर ठेवा. जागा तारेच्या बरोबर खाली, नव्या भिंतीपासून चार फुटांवर. सरपंचांना बोलवा, फोटो घ्या. खड्डा फूटभर पुरे.