किल्ल्याशेजारी खोटा बुरुज नको, छज्जा द्या

ठाण्यात चित्रशिल्पकलेचं एखादं चांगलं महाविद्यालय किल्ल्याजवळ, म्हणजे आताच्या कारागृहाच्या आसपास व्हावं, असं मी कुठे बोलले की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मग इमारतही किल्ल्यासारखीच करू. बुरुज, कमानी, हेरिटेज लूक!’

अहो, कशाला? हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना इथेच फाशी दिलं. त्या तटाशेजारी प्लास्टरचा बुरुज म्हणजे सेल्फी पॉइंट. दोन पावसाळ्यांत नक्षीखालून काळे ओघळ येणार, मग रंगकामाचं टेंडर.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत हाच पेच होता. वास्तुकार मॅकिंटॉशचं दगडी कलाविद्यालय 1909 मध्ये पूर्ण झालं, उत्तरेला भल्यामोठ्या खिडक्या. रस्त्यापलीकडे त्याच विद्यालयासाठी वास्तुकार स्टीव्हन हॉलने 2014 मध्ये फिकट हिरवट काचेची रीड इमारत उभी केली. टीका सडकून झाली. बाहेरून मलाही ती इस्पितळासारखी वाटते (फोटोवरूनच बोलतेय). पण आत काँक्रीटच्या तिरक्या, पोकळ नळ्या आहेत, त्यांतून उजेड थेट खालच्या मजल्यांपर्यंत उतरतो. मॅकिंटॉशकडून हॉलने उजेडाची जाण घेतली, दगड सोडून दिला. पुढे मूळ इमारत 2014 आणि 2018 अशी दोनदा जळाली. नवी तिची नक्कल असती, तर आज कोणाशी जुळवून उभी राहिली असती?

ती काच मात्र इथे आणू नका. स्टुडिओला उत्तरेचा, थेट ऊन नसलेला उजेड हवा हे खरं, पण ठाणे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं. स्टिल लाइफला, म्हणजे समोर वस्तू मांडून काढायच्या चित्राला, मांडलेल्या सुरईची सावली अर्धं चित्र होईपर्यंत भलतीकडे जाते, पोरं वैतागतात. म्हणून उत्तरेलाही खोल छज्जा आणि खिडक्यांमध्ये उभ्या आडभिंती हव्यात. नैर्ऋत्येच्या झडीची सोय वेगळी. या छज्ज्यांची गडद सावली हाच इमारतीचा चेहरा. तटाशेजारी तो शोभेल.

तटाकडची बाजू बुटकी, मजले पलीकडे. शिल्पकलेचा वर्ग तळमजल्यावर, शाडूची पोती टेम्पोतून थेट आत उतरतील असा. आणि बुरुजासाठी धरलेली रक्कम छज्ज्यांच्या खात्यात टाका.