50 गोळ्यांची परीक्षा

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर 2024 मध्ये हत्या झाली आणि पाठोपाठ बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय निघाला. एकाच जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने, कमरेला पिस्तूल लावून काढलेली रील्स, हवेत गोळीबार. पुढे बरेच परवाने रद्दही झाले. ती चर्चा मी ह्यूस्टनमध्ये बसून ऐकली. कुणाच्या शिफारशीने परवाना मिळाला, कुणाच्या माणसाला मिळाला, यावर रान उठलं. ज्याला मिळाला त्याला ते हत्यार धड रिकामं तरी करता येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

टेक्सासमध्ये राहणाऱ्याने हे विचारणं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान. मान्य. सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, त्याच्यावर कायद्याची बंदी नसेल तर, परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. पूर्वी सक्तीचा असलेला परवाना आता ऐच्छिक झालाय. मी तो काढला, आणि तो ऐच्छिक करणं हा शुद्ध गाढवपणा होता असं माझं मत आहे.

या परवान्यासाठीचा वर्ग चार ते सहा तासांचा. कायदा, वाद चिघळू न देणं, हत्यार घरात कसं ठेवायचं, मग लेखी परीक्षा. शेवटी रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, 3, 7 आणि 15 यार्डांवरून 50 गोळ्या; 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. नेमबाजीची परीक्षा खरं तर सोपीच. माझ्या लक्षात राहिलं ते पिस्तूल रिकामं करणं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. उलट केलंत तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या तोंडाशी झाडायला तयार असलेली, गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत घेऊन जाते. त्यानंतर मॅगझिन काढलं की माणूस बिनधास्त. वर्गातल्या एका गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या खोट्या गोळ्यांवर नेमकं हेच केलं, आणि त्यांच्या घरी पिस्तूल कित्येक वर्षांपासून होतं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी गृहस्थांना चेंबरमध्ये करंगळी घालून बघायला लावलं.

आपला निशाणा काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे नक्की कळल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही, हा तिथला आणखी एक नियम. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका जुन्याच. रात्री डुकराच्या मागावर गेलेल्यांपैकी कुणाला तरी सोबत्याचीच गोळी लागल्याची बातमी अधूनमधून येते. झुडूप हललं, बार काढला. यात गुंडगिरी नाही की राजकारण नाही, म्हणून चॅनेलवर चर्चाही नाही. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदा यांच्या हातून परवान्याचं रिव्हॉल्वर पडलं, गोळी सुटून पायात घुसली, तर आपण मीम्स केले. काही जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखालचं (गोळीवर आपटणाऱ्या भागाखालचं) गोळीचं घर रिकामं ठेवायचं असतं, नाहीतर पडल्यावर गोळी सुटू शकते. परवान्याचा कागद हातात देताना हे कोण सांगतं?

पण प्रशिक्षणाने सगळं सुटतं, हा इथल्या बंदूकवाल्यांचा आवडता दावा मला पटत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तिथे नेमबाजीचा काय उपयोग? तिथे उपयोगी पडतं ते कुलूप, आणि किल्ली कुणाकडे आहे ते. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या पिस्तुलाचा परवाना, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा.

इथली आपली मंडळीही यात मागेच. मुलाला मित्राकडे खेळायला पाठवताना केकमध्ये अंडं आहे का हे आम्ही न चुकता विचारतो. घरात गन आहे का, असली तर कुलपात आहे का, हे विचारायला जीभ रेटत नाही.

भारतात कायदा नाही असं नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आनंदाच्या भरात बेपर्वाईने केलेला गोळीबार गुन्हा ठरला, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. ही मुदतवाढच मला खटकते. पाच वर्षांत हात विसरतो, नजर कमी होते, घरातली पोरं मोठी होऊन कपाटापर्यंत पोचतात. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाने समोर उभं राहून हत्यार रिकामं करून दाखवावं, थोड्या गोळ्या झाडाव्यात आणि घरातल्या लॉकरचा पुरावा द्यावा. यावर ‘रेंज कुठे आहेत?’ असा प्रश्न येईल. पोलिसांचा गोळीबार सराव कुठेतरी होतोच. तिथेच पोलिसांच्या देखरेखीखाली एक दिवस ठेवा, खर्च परवानाधारकाचा. वरातीत पिस्तूल मिरवायला ज्यांना सवड मिळते, त्यांना याला मिळणार नाही असं काही नाही.