‘शेवटचा राष्ट्राध्यक्ष’ ट्रम्प नव्हे. नाव पुस्तकातच छापलंय

हा फॉरवर्ड गेली काही वर्षं फिरतोय आणि इतके दिवस मी तो न बघता पुढे सरकत होते. आता तो माझ्या नववीतल्या भाचीपर्यंत पोचला. तिने विचारलं, “मावशी, हे खरं असेल तर शाळेत का शिकवत नाहीत?” म्हणून हे लिहिते आहे, आणि जरा चिडूनच लिहिते आहे.

दावा थोडक्यात असा. इंगरसॉल लॉकवुड या अमेरिकन लेखकाने १३० वर्षांपूर्वी ‘बॅरन ट्रम्प’ नावाच्या मुलाच्या कादंबऱ्या लिहिल्या (डोनल्ड ट्रम्पच्या धाकट्या मुलाचं नावही बॅरन). त्या मुलाला ‘डॉन’ वाट दाखवतो आणि तो रशियाला जातो. पुढे १८९६ मध्ये त्याच लेखकाने ‘१९००, अर्थात शेवटचा राष्ट्राध्यक्ष’ लिहिलं. त्यात न्यूयॉर्कमध्ये ३ नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर दंगल उसळते, जमाव फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर चाल करून जातो आणि मंत्रिमंडळात ‘पेन्स’ असतो (ट्रम्पचे उपराष्ट्राध्यक्ष होते माइक पेन्स). म्हणजे लेखकाला ट्रम्प दिसले होते. कसे? तर ट्रम्प घराण्याकडे संशोधक निकोला टेस्लाचं कालयंत्र आहे!

सगळ्यात मोठी थाप ‘शेवटचा राष्ट्राध्यक्ष’बद्दल आहे, म्हणून आधी तेच. पुस्तक छोटं आहे, स्वामित्वहक्क कधीच संपलेत, इंटरनेटवर फुकट मिळतं. पहिलं प्रकरण वाचायला दहा मिनिटं पुरतात. त्यात ३ नोव्हेंबरची रात्र आहे हे खरं, पण साल स्पष्ट छापलंय: १८९६. निवडून कोण येतो तेही छापलंय: ब्रायन. इलिनॉयचा गव्हर्नर ऑल्टगेल्ड आपलं राज्य राखतो आणि त्या बळावर ब्रायन जिंकतो, अशी बातमी शहरात येते. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा त्या वर्षीचा डेमोक्रॅटिक पक्षाचा खराखुरा उमेदवार, वय अवघं ३६. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे नाव गाळलंय. चुकून गाळलं असेल असं मला वाटत नाही, कारण ते ठेवलं तर सगळी गोष्टच उरत नाही.

आणि भाकीत म्हणाल, तर ते त्याच तारखेला फसलं. प्रत्यक्षात ३ नोव्हेंबर १८९६ ला रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक (इलेक्टोरल) मतांनी जिंकला, इलिनॉयसुद्धा त्यालाच मिळालं आणि ऑल्टगेल्डची गव्हर्नरकी गेली.

मग लॉकवुडने हे लिहिलं कशासाठी? इथेच खरा इतिहास आहे आणि फॉरवर्डने तोच झाकलाय. १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. शेतमालाचे भाव पडत होते, पण कर्जाचा आकडा तेवढाच राहत होता. शेतकऱ्याने गहू कितीही विकला तरी गहाणखत सुटेना. चलन सोन्याशी बांधलेलं असल्यामुळे पैसा तुटपुंजा आणि महाग. शेतकऱ्यांची मागणी होती की सोळास एक या दराने (सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोनं) चांदीचीही नाणी मोकळेपणाने पाडा, म्हणजे पैसा वाढेल, भाव चढतील आणि कर्ज हलकं होईल. न्यूयॉर्कच्या धनकोंना यात आपलं बुडणं दिसत होतं. ९ जुलै १८९६ ला शिकागोच्या अधिवेशनात ब्रायनने ‘माणसाला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका’ असं भाषण ठोकलं आणि त्याला उमेदवारी मिळाली. (चांदीचा भाव तेव्हा घसरत होता आणि त्यात मुंबईचाही हात होता. जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या आणि जगभर चांदी आणखी कोसळली.)

लॉकवुड हा न्यूयॉर्कचा वकील. त्याच्या पुस्तकात ब्रायन जिंकल्याची बातमी येताच ईस्ट साइडच्या गरीब वस्त्यांतले लोक श्रीमंतांची घरं लुटायला निघतात. हा जमाव जिंकलेल्या उमेदवाराच्या बाजूचा आहे, विरोधातला नाही. तो फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हॉटेलवर चालून जातो. ते हॉटेल होतं २३ व्या रस्त्यावर, रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या बैठकीचा अड्डा, म्हणूनच राग त्याच्यावर. १९०८ मध्ये ते पाडलं. ट्रम्प टॉवर १९८३ चा आणि तोही पार ५६ व्या रस्त्यावर. एकाच लांबलचक रस्त्यावरच्या दोन इमारती जोडून भविष्यवाणी करायची, याला काय म्हणावं?

‘पेन्स’ही तसाच. पुस्तकात पूर्ण नाव आहे, लेफ पेन्स, कोलोराडोचा. हा पॉप्युलिस्ट पक्षाचा, म्हणजे चांदीची नाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूच्या पक्षाचा, खरा खासदार होता, १८९३ ते १८९५. लॉकवुडने समोरच्या वर्तमानपत्रातलं नाव उचललं आणि त्याला कृषिमंत्री केलं.

आता नावांचा योगायोग. तो आहे, मान्य करते. बॅरन ट्रम्प नावाचा मुलगा आहे, तो ‘कॅसल ट्रम्प’मध्ये राहतो, आणि १८९३ च्या दुसऱ्या पुस्तकात रशियातल्या उरल पर्वतातून जमिनीखाली उतरतो. पण मुलाचं पाळण्यातलं नाव विल्हेल्म हाइनरिश सेबास्टियन फॉन ट्रूम्प. बॅरन ही पदवी. ‘डॉन’ म्हणजे डॉन फम, एका जुन्या हस्तलिखिताचा स्पॅनिश पंडित, आणि डॉन हाही मानाचा शब्द. खाली त्याला पारदर्शक माणसं भेटतात, डोळे नसलेली माणसं भेटतात, सोबत बल्जर नावाचा कुत्रा असतो. ही मुलांसाठीची गंमतगोष्ट आहे, अचाट थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन बॅरन मुन्शहाउझेनच्या गोष्टींच्या वळणाची. डोनल्ड ट्रम्पना बॅरन हे नाव जुनंच आवडतं; १९८० च्या दशकात पत्रकारांशी बोलताना ते ‘जॉन बॅरन’ हे टोपणनाव वापरत. धाकट्या मुलाचं नाव २००६ मध्ये ठेवलं. यात कालयंत्राची गरज कुठे पडते?

टेस्लाचंही अर्धसत्य आहे. १९४३ मध्ये टेस्ला वारल्यावर त्याचे कागद तपासायला सरकारने ट्रम्पच्या काकांना, एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठाच्या जॉन ट्रम्पना, बोलावलं होतं. त्यांचा निष्कर्ष असा की कागदांत बहुतेक तर्क आणि तात्त्विक चिंतन आहे, प्रत्यक्षात चालेल असं नवं तत्त्व नाही. आणि जॉन ट्रम्प जन्मले १९०७ मध्ये, ‘शेवटचा राष्ट्राध्यक्ष’नंतर ११ वर्षांनी.

भाचीला मी त्याच काळातली आणखी दोन नावं दिली आहेत. एडवर्ड बेलमीची १८८८ ची कादंबरी, ज्यात एक माणूस बॉस्टनमध्ये झोपतो तो थेट २००० साली समतेच्या राज्यात उठतो. आणि इग्नेशियस डॉनली, ज्याने १८९० मध्ये १९८८ चं न्यूयॉर्क रंगवलं. तो स्वतः पॉप्युलिस्ट, म्हणून त्याच्या गोष्टीत पृथ्वी मूठभर धनदांडग्यांच्या हातात आहे, आणि शेवटी प्रेतं रचून स्मारकाचा खांब उभा राहतो. लॉकवुडला ज्यांची भीती वाटत होती, ती माणसं डॉनलीच्या बाजूची. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की १८९६ ची निवडणूक कळते.