रेघ सोडली आणि घर गेलं

पंधरा वर्षं माझ्या चित्रांतली घरं शहाण्यासारखी उभी होती. आधी पेन्सिलीची पुसट खूण, त्यावर वॉटरप्रूफ शाईची ठणठणीत काळी रेघ, मग पेन्सिल खोडून आत जरासा रंग. रंग भिंतीबाहेर गेला तरी लोक म्हणत, ‘वा, काय मोकळा हात आहे!’ भिंत कुठं संपते हे रेघेनं आधीच सांगितलेलं असायचं. काम रेघ करायची, पगार मी घ्यायचो.

त्यात गोव्यात शाईच्या रेघेला घरच्या माणसाचा मान. लोटली गावच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी पेनानं गोवा असा काही काढून ठेवलाय, की पणजीच्या मार्केटात मासे घेताना आजूबाजूची माणसंही त्यांनीच काढलेली वाटतात. त्यांची नक्कल करण्यात माझी उमेद गेली. माझी मासेवाली मात्र शेवटपर्यंत पोलीस निरीक्षकासारखीच दिसायची.

शेवटी चित्रकला शिकवणारा एक मित्र वही चाळून म्हणाला, “तू रंगाला कोंबडीसारखं कुंपणात डांबतोस. शाई सोड. पेन्सिल आणि जलरंग, बस्स.” मला ते लागलं. शाईची पेनं कपाटात गेली. खिशात उरलं फक्त ऑफिसचं जेल पेन, सहीपुरतं.

पहिल्या रविवारी ४बी पेन्सिल घेतली. मऊ, काळीशार. तिचं शिसं आधी तळहाताला लागलं, तिथून आकाशाला, तिथून माझ्या नाकाला. वर पिवळा रंग फिरवला तर भिंतीला शेवाळ आलं. पुढच्या रविवारी चिडून २एच घेतली. तिनं कागदावर चर खणले, चरांत रंग साचला आणि घराला म्हाताऱ्याच्या हातासारख्या शिरा दिसू लागल्या. मग निमूटपणे एचबीवर आलो. ऑफिसात आयुष्यभर जी वापरली, तीच.

आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पेन्सिलीवरून एकदा रंगाचं पाणी फिरलं, की ती खोडरबराला दाद देत नाही. ओल्या सिमेंटवरून कुत्रं चालत गेलं की कसं होतं, तसं. चुकलेला दरवाजा कायमचा चुकलेला.

‘पहिला थर पूर्ण वाळू द्यावा’ असं पुस्तकांत असतं. लिहिणारा कुठल्या तरी वाळवंटात राहत असावा. आमच्याकडे पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, तिथं ३०० जीएसएमचा जाडजूड कागद काय वाळणार? आतून ओलसर, वरून साळसूद. त्याच्यावर जास्त ओला ब्रश टेकवला की पाणी आधीच्या रंगाला ढकलत कडेला नेतं आणि तिथं झालर धरते. माझ्या आकाशात ढगांपेक्षा फुलकोबी जास्त असे. बायको इस्त्री घेऊन उभी राहायची; मदतीला की कागद जाळायला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, होऊन आठेक दिवस झाले होते. ऊन पडलं तसा पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीत एका पिवळ्या घरासमोर स्टूल टाकून बसलो. खिडक्यांना पांढरी किनार, आणि एका खिडकीला जुन्या पद्धतीचे शिंपल्यांचे तुकडे, लाकडी जाळीत बसवलेले. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो आधीपासून राखून ठेवायचा, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मिरच्यांसारखा. शाईची रेघ असती तर किनार आपोआप सांभाळली गेली असती. आता भोवतीचा पिवळाच तिला आकार देणार होता, आणि पिवळा माझ्या हातात होता.

शिंपल्यांची खिडकी आधी घेतली. एचबीनं हलक्या चौकटी आणि वरून एकच पातळ, दुधी राखाडी हात. खालची पेन्सिल त्यातून जेमतेम दिसत राहिली, शिंपल्यामागून घरातलं काही दिसावं तशी. शाईनं काढली असती तर तिथं कोंबड्यांचा खुराडा झाला असता. मी श्वास रोखून दोन मिनिटं नुसता बघत बसलो. इतकं बरं मी पंधरा वर्षांत काही काढलं नव्हतं.

त्या आनंदात पिवळा जास्त पातळ झाला. तो किनारीवरून गेला, दाराच्या निळ्यात शिरला, पायऱ्यांवर उतरला आणि मिळेल ती जागा आपली म्हणत गल्लीभर पसरला. खिडकी तेवढी तरंगत राहिली.

एवढ्यात घराची मालकीण बाहेर आली. सत्तरीची बाई, हातात झाडू. खांद्यावरून वाकून तिनं चित्र पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

“बाब, म्हजें घर खंय?”

आम्ही घरात कोंकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठीत, आणि चोरी पकडली गेली की दोन्ही विसरतो. मी खिडकीवर बोट ठेवलं. “आंटी, ही तुमची खिडकी.”

“जनेल कळ्ळें. घर खंय?”

मी म्हणालो, ही नवी पद्धत आहे, कडा सूचित करायच्या असतात. तिनं माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. मग दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं: निदान घराचा नंबर तरी घाल, म्हणजे पोस्टमनला कळेल.

झाडूवाल्या बाईशी वाद घालू नये. मी जेल पेन काढलं आणि दार असावं अशा जागी तीन आकडे लिहिले. कागद अजून ओला होता. शाई सुटली, आकडे फुगले, एकमेकांत मिसळले आणि निळ्यातून खाली ओघळले.

आंटीनं मान तिरकी करून पाहिलं आणि समाधानानं झाडू खाली टेकवला.

“हां. हें म्हजें.”