‘बिलव्हेड’ पन्नासाव्या पानावर मिटू नका

अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसनची गुलामीवरची कादंबरी ‘बिलव्हेड’ (१९८७) जळगाव-धुळ्याकडची वाचणारी पोरंपोरी मोठ्या हौसेने हातात घेतात आणि पन्नास पानांत बाजूला ठेवतात. ही कादंबरी सुरुवातीला कुणालाच घरात घेत नाही. १२४ नंबरचं घर, त्यात एका बाळाचं भूत, आणि एकाच परिच्छेदात काळ अठरा वर्षं मागे जाऊन परत येतो. प्रकरणांना आकडेसुद्धा नाहीत.

एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे ‘स्वीट होम’, म्हणजे नायिका सेथे जिथे गुलाम होती तो मळा, केंटकी, १८५५ पर्यंत. उजवीकडे १२४ नंबर, सिनसिनाटी, १८७३. प्रत्येक आठवण आपापल्या बाजूला टिपत जा. शब्दकोश मात्र लांब ठेवा. पात्रं शाळेतलं इंग्रजी बोलत नाहीत, मनातल्या मनात ते दुरुस्त करत बसलात की लय तुटते. अहिराणी कुणी ‘शुद्ध’ करून वाचली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं आठवा.

कायदा आधी माहीत हवा. ओहायो नदीच्या एका तीरावर गुलामी, दुसऱ्या तीरावर नाही. पण १८५० च्या कायद्याने मालकाला पलीकडे येऊनही पळालेला माणूस धरून नेता येत होता. हे ठाऊक नसेल तर नदी ओलांडून आलेली सेथे एवढी धास्तावलेली का, हे कळतच नाही. कादंबरीमागे १८५६ ची खरी घटना आहे. ती मात्र आधी शोधू नका. पहिला भाग संपता संपता पुस्तकच ती समोर ठेवतं.

आणि १८७३ हे साल! त्याच साली महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली, अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलेली. आपल्या वाचकाला या कादंबरीत शिरायला याहून जवळची वाट नाही.

सालदारकीची आठवण येणारच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शेतमजुराचं साल ठरतं, उचल घेतली जाते, ती फिटली नाही की पुढचं साल. एमी डेन्व्हर या गोऱ्या, गरीब पोरीला ही तुलना लागू पडते: आईच्या प्रवासखर्चाचं देणं आई मेल्यावर तिच्या अंगावर आलेलं. सेथेला ती लावाल तर चुकाल. सालदाराचं लेकरू मालकाच्या मालकीचं नसतं, सेथेचं होतं. तिच्या नवऱ्याने, हॅलेने, आपल्या आईला गुलामीतून सोडवलं ते पाच वर्षांचे रविवार मजुरी करून. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. स्वीट होमचा गार्नर तसाच चांगला मालक. तो मेला आणि सगळं त्याच्या मेव्हण्याच्या, ‘स्कूलटीचर’च्या हातात गेलं. चांगुलपणा होता, पण कागदावर हक्क एकही नव्हता. माझ्या मते मालक-मजूर या वर्गभेदाबद्दल या पुस्तकात याहून खोल काही नाही.

दुसऱ्या भागात सलग चार स्वगतं येतात, त्यातल्या एकात विरामचिन्हंच नाहीत. ती मोठ्याने वाचा, जात्यावरची ओवी म्हणतात तशी. अर्थ मागाहून येतो. त्याच्या थोडं आधी तो ‘स्कूलटीचर’ आपल्या विद्यार्थ्यांकडून वही लिहून घेताना दिसेल. त्या पानालाही दोनच बाजू आहेत: डावीकडे सेथेचे माणसाचे गुण, उजवीकडे जनावराचे.