‘टँगो’च्या बिया गेल्या कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. ‘टँगो’ या बिनबियांच्या मँडरिन संत्र्यावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: किरणे दिलेले फळ मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे, आणि ज्या ‘डब्ल्यू. मरकॉट’पासून हा वाण काढला, त्यालाही बिया नसताना एवढा खटाटोप कशासाठी?

पहिल्या आक्षेपाला माझीच ढिलाई कारणीभूत आहे. ‘झाडाला किरणे दिली’ असे मी लिहिले, ते चुकले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील रूस आणि विल्यम्स या संशोधकांनी 1995 मध्ये गॅमा किरणे दिली ती डोळकाड्यांना, म्हणजे कलमासाठी कापलेल्या, अंकुर (डोळे) असलेल्या काड्यांना, फळांना नव्हे. आपल्या विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटाच्या सालीत चीर देऊन भरतात, तसेच तेथेही डोळे भरून झाडे वाढवली, त्यांची फळे कापून बिया मोजल्या, आणि निवडलेला वाण 2006 मध्ये लागवडीसाठी दिला. गॅमा किरणे आरपार निघून जातात, त्यांनी डोळा किरणोत्सारी होत नाही. पेशींतील गुणसूत्रे मात्र तुटतात आणि तुकडे कधी भलत्याच जागी जुळतात. अशा झाडाची वाढ नीट होऊ शकते, पण परागकण आणि बीजांडे तयार होताना गुणसूत्रांची वाटणी बिघडून ती बहुतांशी वांझ निघतात. परका जीन यात कोठेही घातलेला नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. ‘डब्ल्यू. मरकॉट’ला परागीकरणाशिवायही फळे धरतात आणि बाग एकटी असेल तर त्यांत बी सापडत नाही. पण जवळ दुसऱ्या जातीची लिंबूवर्गीय झाडे असली आणि मधमाश्यांनी तेथील पराग आणला, की त्याच झाडाच्या एकेका फळात दहा-वीस बिया भरतात. म्हणूनच कॅलिफोर्नियात फुलोऱ्याच्या दिवसांत बागायतदार अख्ख्या झाडांवर जाळ्या टाकू लागले आणि संत्र्याच्या मधासाठी पेट्या आणणाऱ्या मधपाळांशी त्यांचे वाद झाले. दोघांचीही पोटे त्याच फुलांवर होती, हे मी मूळ लेखात सांगायला हवे होते.

‘टँगो’मध्ये परपरागीकरण होऊनही सरासरी पाच फळांमागे जेमतेम एक बी आढळते. शिवाय त्याचे स्वतःचे परागकणही जवळजवळ वांझ असल्यामुळे शेजाऱ्याच्या बागेतील फळांत त्याच्यामुळे बिया धरण्याची शक्यता फार थोडी राहते.