किडनीचा काढा आणि मावशीचं पोटॅशियम

गेल्या महिन्यात मावशीचं पोटॅशियम ६.३ आलं. पाचच्या आत असायला हवं, तिथे ६.३. मावशी अडुसष्ट वर्षांची, मधुमेह वीस वर्षांचा जुना, किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात, ई-जीएफआर (म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग) २७. पण पथ्य इतकं कडक की लग्नातही केळं दिसलं की तोंड फिरवते. नेफ्रॉलॉजिस्टनी विचारलं, "आजी, नवीन काही सुरू केलंत का?" मावशी म्हणाली, "नाही हो. औषध असं काही नाही. फक्त काढा."

रात्रभर मॉनिटर, शिरेतून कॅल्शियम, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. सकाळी आकडा खाली आला आणि माझा पारा वर गेला. कारण काढ्याची कृती जिथून आली तो फॉरवर्ड आमच्याच घरच्या ग्रुपवर आला होता. मी तो न वाचता वर सरकवला होता. ही चूक माझी.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे "ॲलोपॅथीवाल्यांचा दलाल" हे बिरुद कुणाला लगेच चिकटवता येणार नाही. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नसी शिकवतो. म्हणजे मुळं, साली, पानं आणि त्यातली औषधी द्रव्यं. अठरा वर्षं हेच करतोय. तो मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा मला वनस्पतींबद्दल जास्तच प्रेम आहे.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. इंग्रजी गोळ्यांनीच किडन्या खराब होतात, त्या आधी बंद करा. पुनर्नवा, गोखरू, पाषाणभेद आणि मूठभर कोथिंबीर चार कप पाण्यात उकळून एक कप आटवा, उपाशीपोटी ४० दिवस घ्या, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) ७ वरून १ वर येतं. जोडीला बिलिंबीचा ताजा रस अर्धा कप, किडनी "धुऊन निघते". सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. परदेशी विद्यापीठांनी हे सिद्ध केलंय पण डॉक्टर लपवतात, कारण डायलिसिसचा धंदा बुडेल. शेवटी नेहमीप्रमाणे दहा जणांना पाठवून पुण्य मिळवा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, देऊन टाकतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने खाल्ल्या तर किडनीला इजा होते, आणि आपल्याकडे गुडघे दुखले की लोक त्या चिवड्यासारख्या खातात. पण किडनी निकामी होण्याची मोठी कारणं मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत. मेसेज "गोळ्या बंद करा" म्हणतो तेव्हा वाचणारा वेदनाशामक नाही बंद करत, साखरेची आणि बीपीची गोळी बंद करतो. मावशीने तेच केलं. त्यातल्या एका गोळीबद्दल पुढे बोलणार आहे.

आता काढा. पालेभाजी उकळली की तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणूनच किडनीच्या रुग्णाला डाएटिशियन सांगते की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेका. चार कपांचा एक कप केलेला काढा म्हणजे तेच फेकायचं पाणी, वर आटवून घट्ट केलेलं. कोथिंबिरीत १०० ग्रॅमला सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. तिने लघवी साफ होते असा जो लौकिक आहे, त्याचं श्रेय काही अंशी या क्षारांना दिलं जातं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम दुपारपर्यंत बाहेर टाकते. मावशीची टाकू शकत नाही, आणि रक्तात साठलेलं पोटॅशियम थेट हृदयाची लय बिघडवतं. हे समजायला आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असा आखाडा लागत नाही.

पाषाणभेदाचं तर विचारूच नका. ग्रंथांतला पाषाणभेद म्हणून आज प्रामुख्याने हिमालयातल्या बर्जेनियाचं मूळ धरतात. आमच्याकडे कुंडीतल्या पानफुटीलाही लोक पाषाणभेद म्हणतात, आणखी कुणी कापूरमाधुरीला. तीन वेगळ्या कुळांतल्या तीन वनस्पती. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. तिच्या जातीची झुडपं खाऊन ऑस्ट्रेलियात गुरं दगावली आहेत. मावशीने कुठली उकळली? कुंडीतली, अर्थात.

"७ वरून १" यावर एवढंच. निर्जलीकरण, गॅस्ट्रो, लेप्टो, एखादं औषध यांमुळे किडनीला अचानक बसलेला मार पुष्कळदा उपचारांनी आठवडाभरात भरून येतो. त्या आठवड्यात तुम्ही काढा प्या नाहीतर रोज तुळशीला पाणी घाला, श्रेय हवं त्याला द्या. मधुमेहाने पंधरा-वीस वर्षांत वण पडलेली किडनी हे वेगळं प्रकरण आहे, तिथले गेलेले नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या, पुन्हा उगवत नाहीत. शिवाय पथ्यात मांस बंद झालं, दंडाचे स्नायू झडले, तरी क्रिएटिनिन थोडं उतरतं. कागदावर आकडा सुधारतो, माणूस वाळत जातो.

बिलिंबी, म्हणजे आमच्याकडची बिंबलं. माशाच्या कालवणात चार पडली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण ताज्या रसात ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की त्याचे खडे किडनीच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये अडकून बसतात. हे माझं मत नव्हे. केरळमधल्या पाच रुग्णालयांतल्या अशा दहा रुग्णांची नोंद २०१३ साली इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजीत छापून आली. कोलेस्टेरॉल कमी व्हावं म्हणून रस प्यायलेली माणसं. दहापैकी सात जणांना डायलिसिसवर घ्यावं लागलं, तिघं त्याशिवाय सावरले. किडनी "धुण्यासाठी" सुचवलेला रस हा! तिच्या भावकीतल्या कमरखाचं आणखी वाईट. किडनी बिघडलेल्याने ते खाल्लं की न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, कधी मृत्यूही. त्यामागचं विषारी द्रव्य ब्राझीलच्या संशोधकांनी शोधून २०१३ सालीच प्रसिद्ध केलं.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य."

हे वाक्य ऐकलं की मी वर्गात ब्रुसेल्सची गोष्ट सांगतो. बेल्जियममधल्या त्या शहरात वजन उतरवून देणारं एक क्लिनिक होतं. १९९० पासून त्यांच्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनौषधी घालायला सुरुवात झाली. पुढच्या दोनेक वर्षांत तिथल्या डॉक्टरांकडे तरुण आणि मध्यमवयीन बायका यायला लागल्या. मधुमेह नाही, फार रक्तदाब नाही, आणि किडन्या झपाट्याने सुकत चाललेल्या. १९९३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण छापून आलं, पुढे रुग्णांचा आकडा शंभराच्या वर गेला. घडलं होतं असं की हवी होती स्टेफानिया नावाची वेल आणि भरली गेली ॲरिस्टोलोकिया. चिनी बाजारात दोघींच्या नावात "फांग-ची" आहे. एकीचं आडनाव बघून दुसरी घरात घ्यावी तसं झालं. (पाषाणभेद आठवला का?)

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशींच्या डीएनएला चिकटून बसतं, औषध बंद केलं तरी. किडनी पूर्ण गेलेल्या ३९ रुग्णांनी खबरदारी म्हणून निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या. तपासलं तर १८ जणांना तिथे कर्करोग निघाला. उरलेल्यांपैकी दोघं सोडून सगळ्यांच्या पेशींत कर्करोगाच्या दिशेने जाणारे बदल. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २०००. एकूण २०० ग्रॅमपेक्षा जास्त चूर्ण पोटात गेलेल्यांना धोका अधिक होता. २०० ग्रॅम म्हणजे लोणच्याच्या लहान बरणीइतकं. तेही एकदम नाही, महिन्यांमागून महिने चिमूटचिमूट. त्या बायकांना रोज उठून काही त्रास जाणवत नव्हता. साइड इफेक्ट "दिसत" नव्हता.

कुणी म्हणेल, ते चीनचं आणि बेल्जियमचं, आपल्याला काय? ॲरिस्टोलोकियाची एक जात आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसंद म्हणून ओळखली जाते. कोकणात कुंपणाला चढलेली मी दाखवू शकतो. सापाच्या विषावर, तापावर, पोटदुखीवर ती देणारे आहेत. नैसर्गिकच आहे. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांत पिढ्यान् पिढ्या किडन्या जात होत्या, त्याचं मूळही याच कुळातल्या तणात सापडलं. गव्हाच्या शेतात उगवायचं, बिया पिठात दळल्या जायच्या. तिथे तर कुणी औषध म्हणूनही घेत नव्हतं, भाकरीतून पोटात गेलं.

"शुद्ध आयुर्वेदिक" म्हणून पुडीत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीत वनस्पतीच असते असंही नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी २०२२ साली किडनी इंटरनॅशनल या नियतकालिकात लिहिलं की लघवीतून प्रथिनं जाण्याच्या एका विशिष्ट आजाराचे अनेक रुग्ण पारंपरिक औषधं घेणारे होते, आणि पाऱ्याकडे बोट जात होतं. औषध थांबवल्यावर बरेच सुधारले. ही बाब मेसेजमध्ये नव्हती, पण काढ्यासोबत मावशीला एका भल्या माणसाने बिनलेबलची पुडीही दिली होती, म्हणून सांगितली.

"परदेशी विद्यापीठांनी सिद्ध केलंय." इथे मी थोडा शरमतो, कारण अशा प्रकल्पांवर माझ्या विद्यार्थ्यांनीही काम केलंय. ते असं असतं. उंदरांना जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचून किडनी दुखावायची, आणि त्याच्या आधीपासून किंवा बरोबरीने गोखरूचा किंवा पुनर्नवेचा अर्क पाजायचा. अर्क मिळालेल्या उंदरांचं क्रिएटिनिन कमी चढतं. निबंध छापून येतो, पदवी मिळते. त्यातून एवढंच कळतं की निरोगी उंदराला दहा दिवसांत केलेली इजा अर्काने काहीशी टळली. मावशी उंदीर नाही, तिची इजा वीस वर्षांची आहे, आणि ती आधीपासून अर्क पीत नव्हती. माणसांवर नीट, पुरेशी मोठी चाचणी होऊन या काढ्याने डायलिसिस टळलं, असं कुणी मला दाखवावं.

आणि वनस्पतीतून किडनीचं औषध निघतच नाही, असं मी म्हणालो का? निघतं. १८३५ साली युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. १८८६ साली लक्षात आलं की त्याने लघवीतून साखर जाते. ते तसंच्या तसं देता येईना, आतड्यातून नीट शोषलं जात नव्हतं, जुलाब व्हायचे. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा साचा घेऊन रेणू बदलत नेले, त्यातून डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली. २०२० साली ४,३०४ किडनी-रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. किडनी निम्म्यावर येणं, पूर्ण निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू, यांपैकी काहीतरी नुसत्या नेहमीच्या उपचारांवर १०० पैकी १४-१५ जणांना झालं, हे औषध जोडलेल्यांत ९ जणांना. सालीपासून गोळीपर्यंत १८५ वर्षं. आपल्याकडचंच उदाहरण हवं तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि मग जगाने ती वनस्पती उचलली. डॉक्टरांनी लपवली नाही, डॉक्टरनेच चव्हाट्यावर मांडली.

तर सफरचंदाच्या झाडाच्या सालीची ती पणती, डापाग्लिफ्लोझिनची गोळी, मावशीच्या डब्यात होती. मेसेज वाचून "इंग्रजी" म्हणून तिने बाजूला काढली आणि त्या जागी पानफुटी उकळली.

डायलिसिसच्या धंद्यावर मला फार शाई घालवायची नाही. महागडी रुग्णालयं आहेत, नको तिथे बिलं फुगवणारेही आहेत, मान्य. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना फुकट होतं. फुकट देऊन धंदा कसला? आणि ज्याला आठवड्यातून तीनदा यंत्रावर बसावं लागतं त्याने चार दिवस दांडी मारली तर फुप्फुसात पाणी भरतं, पोटॅशियम चढतं. मेसेज लिहिणारा तेव्हा फोन उचलायला नसतो, कारण खाली नंबरच नसतो. डायलिसिस म्हणजे नुसता धंदा, ही एक ओळ डायलिसिसवर असलेल्या कुणी खरी मानली तर तो माणूस आठवड्याभरात जाऊ शकतो. बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे.

कुणाच्या घरी असा काढा सुरू असेल तर भांडू नका. मी भांडलो, मावशी दोन दिवस बोलली नाही. डबे, पुड्या, बाटल्या, कुंडीतलं झाड, जे असेल ते पिशवीत भरा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

मावशी आता घरी आहे, पोटॅशियम ४.८. परवा डाएटिशियनला तिने विचारलं, पावसात परसात घेटुळी उगवेल, तिची भाजी तरी चालेल का? (घेटुळी म्हणजेच पुनर्नवा, हे तिला पक्कं ठाऊक आहे.) डाएटिशियन म्हणाली, कधीतरी वाटीभर चालेल. बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी.

"म्हणजे काढा मोरीत आणि चोथा ताटात," मावशी म्हणाली.

"हो आजी. अगदी तसंच."